उंदराने खाल्लेली पाने

गेल्या दिवाळीत माझ्या नातीने माझे पुस्तकांचे कपाट आवरले. मुलगी मोठी टापटिपीची. तिने कोश एका ओळीत लावले, ज्ञानेश्वरीच्या प्रती झटकून ठेवल्या, आणि जे जे फाटके दिसले ते ते रद्दीच्या गठ्ठ्यात बांधून टाकले. मी बाहेरून आलो, तो रद्दीवाल्याची हातगाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचली होती. कपाटातील एक जागा रिकामी दिसताच मी पायांत चपलाही न घालता त्या गाडीमागे धावलो. नांदेडच्या भर रस्त्यात एक साठी उलटलेला मुख्याध्यापक रद्दीवाल्याला हाका मारीत धावत आहे, हे दृश्य शेजाऱ्यांनी मोठ्या चवीने पाहिले. पुस्तक परत मिळाले. त्याला मुखपृष्ठ नाही. त्याची पाठ सुतळीने शिवलेली आहे. आणि शेवटाकडची काही पाने उंदराने खाल्लेली आहेत.

"आबा, एवढं काय आहे ह्यात?" नातीने विचारले. तिला जे सांगितले, तेच, मुलांनो, तुम्हांला सांगतो.

पुस्तकाचे नाव 'जाईची नवलकहाणी'. ते मूळचे इंग्रजी. इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे चार्ल्स डॉजसन नावाचे गणिताचे एक अध्यापक होते. ४ जुलै १८६२ रोजी ते आपल्या एका मित्रासह तीन लहान बहिणींना घेऊन होडीतून सहलीला गेले. होडी संथपणे चालली असता मुलींनी गोष्टीचा हट्ट धरला, आणि डॉजसनांनी तिथल्या तिथे एक गोष्ट रचून सांगितली. तिघींतल्या मधलीचे नाव ॲलिस. ती दहा वर्षांची होती. गोष्टीतल्या मुलीलाही त्यांनी तेच नाव दिले. पुढे तिच्याच आग्रहावरून त्यांनी ती गोष्ट लिहून काढली, आणि १८६५ साली लुईस कॅरल या टोपणनावाने ती छापून निघाली. मराठीत तिला आणले देवदत्त नारायण टिळक यांनी. रेव्हरंड टिळक आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांचे हे चिरंजीव. 'स्मृतिचित्रे' तुम्ही पुढे वाचालच. त्यांतला दत्तू तो हाच. ज्या घरात आईने आपल्या हालअपेष्टाही वाचकाला हसवीत हसवीत सांगितल्या, त्या घरातील मुलाला असे पुस्तक मराठीत यावे असे वाटले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या हाती ॲलिसची 'जाई' झाली. पुढे आणखीही काहींनी या पुस्तकाचे अनुवाद केले. परंतु मला भेटली ती जाई, आणि म्हणून माझ्या लेखी तिचे नाव जाईच.

ती भेटली नांदेडच्या वजिराबादेत, जुन्या पुस्तकांच्या एका ढिगाऱ्यात. त्या काळी मी एम. ए.चा विद्यार्थी होतो आणि रस, अलंकार, ध्वनी यांच्या व्याख्या घोकीत होतो. हास्यरसाचे स्थायी भाव, विभाव, अनुभाव मला मुखोद्गत होते. पण गेल्या कित्येक महिन्यांत मी मोठ्याने हसलो मात्र नव्हतो. दीड रुपयाला घेतलेले ते फाटके पुस्तक मी रात्री कंदिलाशी उघडले, आणि थोड्याच वेळाने खोलीतला माझा सोबती अंथरुणातून उठून मला काय झाले ते पाहायला आला.

कथा अशी आहे. जाई नदीकाठी कंटाळून बसलेली असते. इतक्यात एक पांढरा ससा तिच्या जवळून पळत जातो. ससा पळाला यात नवल कसले? परंतु हा ससा उशीर झाल्याबद्दल हळहळतो, आणि चक्क बंडीच्या खिशातून घड्याळ काढून पाहतो. जाई त्याच्या मागोमाग बिळात शिरते आणि खोल खोल पडू लागते. पुढे काय काय घडते ते सगळे मी सांगणार नाही. सांगितले तर तुम्ही पुस्तक शोधणार नाही. थोडे सांगतो. तिथे एक पेय प्याले की माणूस वीतभर होते आणि एक खाऊ खाल्ला की त्याची मान झाडांच्या वर जाते. जाई आपल्याच आसवांच्या तळ्यात पोहते. ओली झालेली सगळी पाखरे-जनावरे अंग वाळवण्यासाठी शर्यत लावतात. तिच्यात हवे तेव्हा पळावे, हवे तेव्हा थांबावे, आणि शेवटी सगळ्यांचाच पहिला नंबर! एक मांजर आहे, ते शेपटीकडून हळूहळू नाहीसे होते आणि त्याचे हसू तेवढे फांदीवर राहते. हसू नसलेले मांजर आपण सर्वांनीच पाहिले आहे. मांजर नसलेले हसू मात्र याच एका पुस्तकात आहे. आणि पत्त्यांतली बदाम राणी आहे. ती ऊठसूट सर्वांची डोकी उडवण्याचे हुकूम सोडते, पण डोके एकाचेही उडत नाही. तिच्या न्यायालयात शिक्षा अगोदर ठोठवावी आणि अपराध झाला की नाही ते मागाहून पाहावे, अशी रीत. आम्हां शिक्षकांपैकी काहींना ही रीत अपरिचित नाही.

या सगळ्या उलट्यापालट्या राज्यात शहाणे माणूस एकच, ते म्हणजे जाई. ती घाबरते, रडते, चुकते; पण प्रश्न विचारणे सोडत नाही. माझ्या मते पुस्तकाचा सारा जीव यात आहे. वेडेपणा सगळेच करू लागले, तर हसू येत नाही. वेड्यांच्या मेळ्यात एक सरळ मुलगी उभी राहते आणि "असे का?" म्हणून विचारते, तेव्हा हसू येते.

यातून बोध काय घ्यायचा, असे माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला एकदा विचारले होते. इसापनीतीत बोध असतो. श्रावणातल्या कहाण्यांत उतू नये, मातू नये असे सांगितलेले असते. मग या कहाणीत काय आहे? मी त्यांना पुस्तकातल्या सरदारीणबाईंची ओळख करून दिली. या बाई कोणत्याही वाक्यातून तात्पर्य काढतात, आणि प्रत्येक तात्पर्यासरशी आपली टोकदार हनुवटी जाईच्या खांद्यात रुतवतात. सहकारी हसले नाहीत. तुम्ही हसाल, असा मला भरवसा आहे.

हे झाले पुस्तकाविषयी. पण त्याच्यासाठी अनवाणी धावण्याचे कारण निराळे आहे.

१९९३ साली मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूच्या एका गावी शिक्षक होतो. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. विसर्जनासाठी म्हणून मी रजा काढून नांदेडला घरी आलो होतो. गावोगावी लोक गणपती बोळवून रात्री उशिरा झोपले. आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, धरणी हादरली. आमच्या भागातली जुनी घरे तुम्ही पाहिली असतील. हात-दोन हात रुंद दगडी भिंती, दगड सांधायला चुन्याऐवजी माती, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात अशा घरांत गारवा असतो. त्या पहाटे तीच माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवावी लागली.

मी परतलो तेव्हा शाळेची जागा मला ओळखता आली नाही. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरू लागले. दूरदूरच्या लोकांनी वह्या पाठवल्या, घोंगड्या पाठवल्या, बिस्किटांचे पुडे पाठवले. मुले ते सारे मुकाट्याने घेत आणि मुकाट्याने बसत. हजेरी घेणे मला सर्वांत कठीण जाई. पटावर एखादे नाव आले, की मी थांबत असे आणि मुले माझ्या तोंडाकडे पाहत असत. अखेर मी हजेरी मोठ्याने घेणे सोडून दिले. एकेका चेहऱ्याकडे पाहून मनातल्या मनात खुणा करू लागलो. दिवाळी आली आणि गेली. त्या मुलांपैकी कोणी हसताना मला दिसले नाही. हसणे हा जणू गेलेल्यांचा अपराध आहे, असे त्यांना वाटत असावे. खरे सांगायचे, तर मलाही तसेच वाटत होते.

तरीसुद्धा एका शनिवारी मी पिशवीत जाईला घेऊन वर्गात गेलो. का गेलो, याचे नीट उत्तर मजजवळ आजही नाही. मात्र एक गोष्ट मी आधीच ठरवली होती: बिळात पडण्याचा भाग गाळायचा. ज्यांच्या पायांखालची जमीन गेली, त्यांना एक मुलगी खाली पडत जाते, पडतच जाते, हे कसे वाचून दाखवावे? म्हणून जाई एका विचित्र देशात पोहोचली, तिथून मी आरंभ केला. दोन-चार वाक्ये झाली असतील नसतील, तोच दुसऱ्या रांगेतील एका मुलीने विचारले, "पण गुरुजी, ती तिथं गेली कशी?"

"गेली," मी म्हणालो.

"चालत गेली का?"

या मुलीने बरेच दिवसांत विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी पाने मागे उलटली. जाई पडते तो भाग मी वाचला, तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटत होता. त्या बिळाच्या भिंतींना कपाटे आणि फळ्या आहेत. पडता पडता जाई एका फळीवरून मुरंब्याची बरणी उचलते. बरणी रिकामी निघते. परंतु ती जाई खाली टाकून देत नाही. खाली कोणी असेल तर त्याचा जीव जाईल, म्हणून ती पडता पडताच दुसऱ्या एका कपाटात जपून ठेवते. माझ्या वाचनात हा प्रसंग अनेकदा येऊन गेला होता आणि दर वेळी मी त्यावर हसलो होतो. त्या दिवशी कोणी हसले नाही. परंतु सगळी मुले माझ्याकडे टक लावून पाहू लागली होती.

"मग तिला लागलं का?" त्याच मुलीने हळूच विचारले.

"नाही. काटक्या आणि वाळलेला पाला होता, त्याच्यावर पडली."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

त्यानंतर रोज शेवटच्या तासाला जाईची कहाणी सुरू झाली. टोपीवाल्याच्या चहापानाचा प्रसंग आला. तिथे काळ रुसलेला आहे. घड्याळात कायमचे सहा वाजलेले. नेहमी चहाचीच वेळ, कपबश्या विसळायलाही उसंत नाही, म्हणून मंडळी एकेक जागा पुढे सरकत राहतात. "आमच्या घड्याळावानीच की," एक मुलगा म्हणाला. त्याच्या घरचे भिंतीवरचे घड्याळ ढिगाऱ्यातून निघाले होते, ते चाराला चार मिनिटे कमी असतानाच थांबलेले होते. मी पुस्तक मिटू लागलो. पण त्यानेच "पुढं वाचा" म्हणून सांगितले.

अशा रीतीने आम्ही उंदराने खाल्लेल्या पानांशी येऊन पोहोचलो. आता काय करावे? नांदेडला मी ज्या पीपल्स कॉलेजात शिकलो होतो, तिथल्या ग्रंथालयातून ओळखीने मूळ इंग्रजी पुस्तक मिळवून आणले, आणि ठरवले की ही पाने आपणच मराठीत करावी. तोवर मी अनुवादाला दुय्यम काम समजत होतो. दुसऱ्याच्या ताटातले आपल्या ताटात वाढून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. दोन रात्रींत माझा ताठा उतरला. या पुस्तकातला विनोद पुष्कळसा शब्दांच्या पोटात दडलेला आहे. शब्द बदलला, की विनोद मेला. आधीच्या एका प्रकरणात उंदीर आपली लांब करुण कहाणी सांगतो आणि जाई त्याच्या लांब शेपटीकडे पाहते. कारण इंग्रजीत कहाणीला 'टेल' म्हणतात आणि शेपटीलाही 'टेल'च. हे मी माझ्यापुरते सोडवून पाहिले: उंदराने म्हणावे की माझी कहाणी मारुतीच्या शेपटासारखी लांब आहे, म्हणजे जाईने शेपटीकडे पाहिले तर तिचा काय दोष? टिळकांनी ही गाठ कशी सोडवली, ते मी मुद्दामच सांगत नाही. पुस्तक मिळवून पाहा आणि आम्हां दोघांना गुण द्या.

पण उंदराने खाल्लेल्या भागात मी पुरता अडलो. तिथे एक रडके कासव आपल्या समुद्रातल्या शाळेचे वर्णन करते. त्या शाळेत पहिल्या दिवशी दहा तास अभ्यास, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी आठ, असा तो उतरत जातो. असे का, तर इंग्रजीत धड्याला 'लेसन' म्हणतात आणि कमी होण्यालाही 'लेसन'च म्हणतात. लिहिताना एका अक्षराचा फरक, कानाला मुळीच नाही. धडा, पाठ, अभ्यास, शिकवणी, सगळे शब्द मी उलटेपालटे करून पाहिले. एकही बधेना. अखेर मी ही अडचण जशीच्या तशी वर्गापुढे मांडली. एम. ए. झालेल्या मास्तराला जे जमत नाही, ते तुम्हांला जमते का पाहा, असे म्हणालो. यात थोडी लबाडी होती. त्यांना जमेल असे मला वाटले नव्हते.

वर्गात मागे, पत्र्याला टेकून, एक मुलगा बसत असे. त्याचे वडील सुतार होते. ते त्या पहाटे गेले. ढिगाऱ्यातून त्यांचा वाकस तेवढा सापडला होता, आणि तो मुलगा तो वाकस कापडात गुंडाळून शाळेत आणी. मी कधी हरकत घेतली नाही. शाळा पुन्हा सुरू झाल्यापासून तो एक अक्षर बोललेला नव्हता; आणि त्याच्या आधीही, मला कबूल केले पाहिजे, मी त्याला मंद विद्यार्थ्यांत गणीत असे. तो उभा राहिला.

"गुरुजी, तासच म्हणा की."

"म्हणजे?"

"शाळेचा तास. रोज थोडा थोडा तासत्यात, म्हणून तर तास." आणि वाकसाने लाकूड तासावे तसा त्याने हात फिरवून दाखवला.

क्षणभर कोणाच्या लक्षात आले नाही. मग त्या दुसऱ्या रांगेतल्या मुलीच्या लक्षात आले. ती हसली. तिच्या शेजारची हसली. मग सगळा वर्गच हसू लागला, आणि तो मुलगा गोंधळून इकडेतिकडे पाहत पाहत स्वतःच हसला. पत्र्याच्या शेडमध्ये हसणे फार मोठे ऐकू येते. शेजारच्या शेडांतून बाया बाहेर आल्या. एक म्हातारी दाराशी येऊन उभी राहिली आणि "काय झालं रं लेकरांनो?" म्हणून विचारू लागली. मुलांनी तिला तास आणि तासणे सांगायचा प्रयत्न केला. पण जो तो मध्येच हसू लागल्यामुळे तिला काही कळेना. ती तिथेच, उंबऱ्याच्या जागी ठेवलेल्या दगडावर बसून राहिली. मी पुस्तकाआड तोंड लपवले होते.

"पण गुरुजी, दहा दिवसांनी तास संपल्यावर?" कोणीतरी विचारले. "अकराव्या दिवशी सुट्टी?" जाईही नेमके हेच विचारते. होय, अकराव्या दिवशी सुट्टी. मग बाराव्या दिवशी काय, असा तिचा पुढचा प्रश्न आहे. तो आला, की मंडळी विषयच बदलतात.

त्या मुलाकडून मी ते वाक्य वहीच्या पानावर लिहून घेतले आणि पुस्तकात, उंदराने खाल्लेल्या जागी, खळीने चिकटवले. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. त्या मी तशाच राहू दिल्या. पुढे नव्या गावठाणात घरे उभी राहू लागली, तेव्हा तो मुलगा सुट्टीच्या दिवशी चौकटी बसवणाऱ्या सुतारांच्या हाताखाली जाऊ लागला. वाकस मग शाळेत येईनासा झाला.

आता नातीने ते पान पाहिले. पानाच्या खालच्या बाजूस एक ओळ कोरी आहे. ती कोरी का, असे तिने विचारले.

त्याच प्रकरणात आणखी एक कोटी आहे. समुद्रातल्या शाळेचे गुरुजीही कासवच. पण मुले त्यांना जमिनीवरचे कासव म्हणत. इंग्रजीत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या कासवांना दोन निरनिराळे शब्द आहेत. जमिनीवरचे ते 'टॉर्टस', आणि 'त्यांनी आम्हांला शिकवले' हे इंग्रजीत म्हणताना 'टॉट अस' असाच काहीसा उच्चार होतो. आपल्याकडे दोन्ही कासवेच! पत्र्याच्या वर्गात एकाने सुचवले होते, "कसून शिकवतात म्हणून कासव." वाईट नाही, परंतु माझे पुरते समाधान झाले नाही, म्हणून तेवढी ओळ मी कोरी सोडली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी एका तरी वर्गाला मी ही कोटी घातली. ओळ अजून भरलेली नाही.

नातीने पुस्तक आपल्या टेबलावर नेऊन ठेवले आहे. हल्ली ती जेवताना मध्येच थांबते आणि पुटपुटते, "कासव... कासव..." तिची आई रागावते, आणि मी आमटीच्या वाटीत पाहत गप्प बसतो.